ओवाळणीतला ओटा

त्र्यंबक लांजेवारांना झाडांची दया आली ती निवृत्त झाल्यावर. आधी आली असती तर नोकरी झाली नसती, हेही खरंच. बालाघाटच्या एका लाकूड डेपोत त्यांनी उभी हयात काढली होती. जंगलातून आलेले ओंडके मोजायचे, बुडाशी हातोड्याचा छाप मारायचा आणि लिलावाच्या दिवशी सावलीत खुर्ची टाकून बसायचं. साग, साल, बिजा, किती लाकूड त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं याला गणती नाही. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते घरी बसल्यावर. दुपारची झोप उडाली. बायको मीनाक्षी विचारायची, काय झालं? तर म्हणायचे, "एवढं जंगल गेलं." ती म्हणायची, "तुमी थोडीच तोडलं?" या उत्तरानं त्यांचं समाधान होत नसे.

मग मनाला टोचणी लागलेली बरीच माणसं करतात तेच त्यांनी केलं. दुसऱ्यांना उपदेश सुरू केला.

त्या वर्षांत गावात ग्रॅनाइटची हवा होती. नवं घर म्हटलं की ओटा ग्रॅनाइटचा, नवं दुकान म्हटलं की काउंटर ग्रॅनाइटचा. त्र्यंबकराव कुणाकडे चहाला गेले की स्वयंपाकघरात डोकावून ओट्यावर हात फिरवायचे आणि विचारायचे, "हा दगड कोणता डोंगर फोडून आणला? किती डिझेल जळलं इथवर आणायला?" प्लायवर सनमायका दिसला तर म्हणायचे, "पाणी लागलं का फुगते. चार वर्षांत उकिरड्यावर." आणि सागाचं नाव कुणी काढलंच तर त्यांचा चेहरा असा पडायचा की बिचारा यजमान स्वतःहून विषय बदलायचा. लोक ऐकून घ्यायचे. पुढच्या खेपेला मात्र चहा बाहेरच्या खोलीतच मिळायचा.

त्याच सुमाराला छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, मोठी व्हायला लागली. जुने रूळ निघाले आणि त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर भंगारात विकायला आले. गावाबाहेर बाबूलाल कबाडीच्या आवारात त्यांची थप्पी लागलेली त्र्यंबकरावांनी पाहिली आणि त्यांना देव भेटल्याचा आनंद झाला. एकही झाड न तोडता लाकूड! तेही असं, की ज्यानं इतकी वर्षं आगगाडी पेलली.

थप्पीजवळ वाकले तेव्हा वास आला. डांबरासारखा, उग्र, नाकात बसणारा. तो वास त्यांना नवा नव्हता. नोकरीच्या काळात एका कारखान्यात स्लीपर काळ्या तेलात बुडवताना त्यांनी बघितले होते. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते तेल पार आतपर्यंत पाजतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बास आती है थोड़ी," बाबूलाल म्हणाला.

"रंदा मारला का जाते," त्र्यंबकराव म्हणाले. बाबूलालला म्हणाले की स्वतःला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ऊनपावसात पडलेलं लाकूड, आता त्यात काय उरलं असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

त्यांची धाकटी बहीण साधना कटंगीला. बस स्टँडला लागून तिचा नवरा महागू याचं पोळी-भाजीचं दुकान होतं. तुमसरकडे जाणाऱ्या बसमधले लोक उतरून उभ्याउभ्या दोन पोळ्या खायचे, आणि बाजाराच्या दिवशी तर श्वास घ्यायला फुरसत नसे. दुकानाला काउंटर आणि स्वयंपाकाला ओटा असे दोन प्रकार तिथे नव्हतेच. एकच लांब ओटा. आतल्या टोकाला शेगडी, मध्ये साधना पोळ्या लाटायची, बाहेरच्या टोकाला गिऱ्हाइकांच्या ताटल्या. ओट्यावर सासऱ्यांनी बसवलेली गुळगुळीत काळी फरशी होती. त्या फरशीवरच ती कणीक मळायची आणि त्याच फरशीवर पोळ्या लाटायची. पोळपाट घेऊन बसले तर बस निघून जाईल, असं म्हणायची.

फरशीचा एक कोपरा उडाला होता. समोरच्या मिठाईवाल्याकडे ग्रॅनाइट आलं तसं महागूनंही ग्रॅनाइटचं टुमणं लावलं. साधनाला ते नको होतं. "कोपऱ्याले शिमिट लावलं का झालं," ती म्हणाली. तिचं ना नवऱ्यानं ऐकलं, ना भावानं. ग्रॅनाइट म्हटल्यावर त्र्यंबकराव पेटलेच. "ओटा मी देतो. या वर्षीची ओवाळणी समज," त्यांनी जाहीर करून टाकलं. ओवाळणी म्हटल्यावर साधना गप्प बसली. भावानं ताटात घातलेल्या साडीचा रंग आवडला नाही असंही त्यांच्या घरात कुणी बोललं नव्हतं, मग ओट्याची काय गोष्ट.

दिवाळीच्या तोंडावर फरशी फुटली. तिचे तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात गेले. मोतीलाल मिस्त्रीनं स्लीपर चिरून, रंदून, जोडून अशी फळी बसवली की बघत राहावं. भाऊबीजेला साधनानं ओवाळलं, आणि त्र्यंबकरावांनी ताटात काही न घालता ओट्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले. त्या दिवशी त्यांना खरंच हलकं वाटलं. एवढ्या जंगलापैकी चार हात तरी परत केले, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

हिवाळा बरा गेला. त्र्यंबकराव दर रविवारी कटंगीला जायला लागले, आणि एकटे कधी गेले नाहीत. कधी डेपोतला जुना सोबती, कधी शेजारचे वकील, कधी नवं घर बांधणारं एखादं जोडपं. "पाहा, असा ओटा पाहिजे," म्हणायचे. साधना हातातलं काम टाकून समोर यायची, उघड्या फळीवर कणीक मळायची, पोळ्या लाटून सगळ्यांना गरम गरम वाढायची. पाहुणे वाहवा करायचे. ओटा तिचा होता, पण वाहवा ऐकताना मान त्र्यंबकरावांची हलायची.

होळी झाली आणि उन्हं तापली. शेगडीजवळच्या बाजूला लाकडातून काळे थेंब वर यायला लागले, पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुकानात शिरल्यावर आधी तो वास यायचा, मग भाजीचा. गिऱ्हाईक पहिला घास घेऊन थांबायचं, दुसरी पोळी नको म्हणायचं. साधनाचे तळवे लाल झाले, बोटांच्या बेचक्यात कातडी सुटायला लागली. मनगटावर ऊन लागलं की भाजल्यासारखी आग व्हायची.

त्र्यंबकरावांनी ते हात बघितले. थेंबही बघितले. आणि म्हणाले, "साबण बदल. धुण्याचा साबण फार खराब येऊन राह्यला आजकाल." पुढच्या रविवारी ते मलमही घेऊन गेले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी साबण हेच खरं कारण असणार, असं सोबतच्या माणसाला दोनदा सांगितलं. खरं काय आहे हे मात्र त्यांना चांगलं कळत होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

एकदा असं झालं की एका लग्नाची पत्रिका द्यायला त्यांना आडवारी कटंगीला जावं लागलं. सोबत कुणी नव्हतं आणि येतो म्हणून फोनही केला नव्हता. दुकानात शिरले तर ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड मेणकापड. त्याच्यावर पत्रा. पत्र्यावर पोळपाट, आणि साधना वाकून पोळ्या लाटत होती. तिच्या तळव्यांची लाली बरीच उतरलेली दिसत होती. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं मुकाट जेवत होती.

त्यांना पाहिल्याबरोबर साधना चोरी पकडल्यासारखी दचकली. घाईघाईनं पत्रा उचलायला लागली.

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले. "कधीपासून?"

साधनानं नवऱ्याकडे पाहिलं. महागू भाजी ढवळत राहिला. मग तोच म्हणाला, "होळी झाली, हात बिघडले, तवापासूनच हाय, भाऊ. डॉक्टर म्हने लाकडाले हात लावू नका. रोजचं हेच. फक्त रविवारी काढते ते."

"रविवारी काहून?"

"तुमी येता म्हनून," साधना म्हणाली. "संग मान्सं असतात. त्याईच्या समोर ओटा झाकून ठेवला तर तुमाले कसं वाटन?"

त्र्यंबकराव बाकावर बसले. सहा दिवस हात सुधारायचे आणि सातव्या दिवशी हे येऊन उभे राहायचे. मलम घेऊन. आपण गेलो नसतो तर हिचे हात केव्हाच बरे झाले असते, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. मागचे रविवार आठवायला लागले, तसे डोळ्यांपुढे फक्त तिचे हात यायला लागले, आणि त्यांनी आठवणं सोडून दिलं.

साधनानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमाले काय माहीत होतं? तुमी चांगल्याच मनानं देलं."

आता बोलायला हवं होतं. मला माहीत होतं, एवढंच. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण साधना इतक्या मायेनं बघत होती, महागूनं पहिल्यांदाच मान वर केली होती, गिऱ्हाइकं ऐकत होती. त्र्यंबकराव पाणी प्याले आणि म्हणाले, "हौ. कोनाले काय माहीत असते."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मोतीलालला पाठवून फळी उचलून आणवली. उघड्या विटांवर महागूनं आपल्या हातानं सिमेंट घोटून घेतलं. फळी आली ती त्र्यंबकरावांच्या परसात. आता तिचं करायचं काय? जाळावी तर धूर विषारी. कुणाला द्यावी तर कोणत्या तोंडानं? पुरावी तर विहीर जवळ. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ऊन चढलं की वास थेट स्वयंपाकघरात येऊ लागला. मीनाक्षीनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

रविवार आला, त्र्यंबकराव कटंगीला गेले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. गेले की साधना पुन्हा तशीच बघणार, आणि ते आता सोसवणार नव्हतं. त्यांनी गुडघ्याचं कारण काढलं. कुणाच्या ओट्यावर बोट ठेवणंही बंद झालं. नवं घर बांधणारं ते जोडपं सल्ला विचारायला आलं, तर म्हणाले, "जुन्या घरच्या ओट्याची फरशी असन ना? तीच लावा. तिच्यासारखं टिकाऊ काही नाही." अन् उठून आत गेले.

असा महिना गेला असेल. एका दुपारी फोन वाजला. कटंगीच्या एसटीडी बूथवरून साधना बोलत होती. मागे बसचा हॉर्न वाजत होता, म्हणून ती ओरडून बोलत होती.

"भाऊ, गुडघा कसा हाय? खरं सांगा, गुडघाच हाय ना? का माह्यावर राग हाय?"

"तुह्यावर? काहून?"

"मी तसं बोलली म्हनून. रविवारचं. बोलाले नको होतं मी. तवापासून जीव लागत नाही माहा. ओवाळणी परत केली मी, असं कोनी करते का? माहं चुकलं, भाऊ."

आपण घाबरून घरात बसलो आणि ही तिकडे दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन महिनाभर झुरली. याहून जास्त शरम त्र्यंबकरावांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"साधना, ऐक," ते म्हणाले. "मले माहीत होतं. त्या लाकडाले जहरी तेल पाजलेलं असते. मी डोळ्यानं पाह्यलं होतं. बाबूलालकडे वास आला तवाच मले समजलं होतं. तुहे हात पाह्यले तवाही समजलं होतं. चुकलं ते माहं."

तिकडे बस निघून गेली असावी, कारण हॉर्न थांबला होता. ती आता जाऊ द्या भाऊ म्हणेल, याची त्र्यंबकराव वाट पाहत राहिले. त्यांना ते हवंही होतं आणि नकोही होतं.

"हौ," साधना म्हणाली. "तुमचंच चुकलं."

"रविवारी येऊ का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"या," ती म्हणाली. "पन संग कोनाले आनू नका."