दादाच्या पत्रिकेतली माती

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर गणित सोडवून दाखवत होते. "बाय, दादा गेलो गो... कुडाळाक नेताना वाटेतच," शेजारची वासंती म्हणाली. मी फोन ठेवला, उरलेलं गणित पुरं केलं, उत्तराखाली रेघ मारली आणि मगच मुख्याध्यापकांकडे गेले. त्याला महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ अनिल, मालवाहू विमानाचा पायलट होता. तोंडवलीच्या घरातून शिकायला म्हणून गेला, तो पुढे सुटीपुरताच येत राहिला. बाबा गेले तेव्हा कुठल्याशा परदेशी विमानतळावर अडकला होता; पोचला तो बाराव्याला. आईने त्याला जेवायला वाढलं, एवढंच.

चीनच्या फेऱ्या त्याला नेहमी असत. तिथे चहाच्या दुकानात एका म्हातारीने त्याच्या जन्मवेळेवरून भविष्य सांगितलं होतं. सुटीवर आला तेव्हा पडवीत बसून त्याने ते आईला ऐकवलं. त्यांचीही पाच तत्त्वं: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. दादाच्या वाट्याला धातू आणि अग्नी भरपूर. माती मात्र औषधालाही नाही.

"आणि आकाश?" आईने विचारलं. "वारो?"

"त्यांच्यात ता नायच."

"मगे तू इतकी वर्सां खंय होतंस?"

दादा खो खो हसला. त्या भरात म्हातारीचं पुढचं बोलणंही त्याने सांगून टाकलं. धातू मातीच्या पोटी जन्मतो, म्हणजे माती ही धातूची आई. "म्हणाली, तुझ्या पत्रिकेत आईच नाय."

आई कोकमाची सोलं निवडत होती. तिचा हात थांबला. "मी हंय जिती बसलंय मां. सांग जा तिका."

पुढच्या वर्षी नोकरी सोडून तो कायमचा घरी आला. त्या भविष्यामुळे का, असं मी विचारलं होतं. "उडान उडान कंटाळलंय गो," म्हणाला. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. काजूच्या कलमांना आळी करायला शिकला. आईची सकाळची पेज तोच करू लागला. ती करपायची आणि आई बिनबोभाट खायची. दोन पावसाळे असे गेले, आणि एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली...

त्या म्हातारीचं बोलणं मी दादाच्या आयुष्याला लावून पाहते. कधी बसतं, कधी नाही. दहाव्याला आईनेच विचारलं, "ती चिनी बाई अजून आसतली?"

"म्हायत नाय."

"आसली तर तिका सांगूक होया. तो घराक इल्लो म्हणान."

गेल्या रविवारी आईला भेटून निघताना मी स्कूटरला किल्ली लावली आणि तशीच उतरले. पुढचा टायर दाबून पाहिला, आरशावरून बोट फिरवलं, मागचा दिवा हाताने चाचपला, पूर्ण फेरी घातली. उड्डाणाआधी दादा विमानाभोवती अशी फेरी घालायचा. घरी आल्यावर बाजाराला जातानाही स्कूटरभोवती घालायचा. मी कधीच घालत नव्हते. मान वर केली तर आई दारात उभी.

"सगळां बरां आसा?"

"आसा."

"मगे जा."