शनिवार पेठेच्या वाटेवर

चौथ्या महिन्यात मूल गेलं तेव्हा नवरा अमेरिकेत होता. कंपनीनं त्याला तिकडच्या ऑफिसात पाठवलं होतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तेव्हा प्रत्येक जिन्याला एक तरी घर असं होतं, मुलगा तिकडे आणि बाकीचे इकडे. आमच्या घरात मी आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

हे दुसरं. पहिल्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "होतं असं पुष्कळदा. पुन्हा प्रयत्न करा." या खेपेला तसं म्हणाल्या नाहीत. मी पडल्या पडल्या विचारलं, "का झालं?" तर म्हणाल्या, "आता तपासूनच बघू." त्या वाक्याला मी धरून राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. न सापडणारं पुस्तक कुठल्या तरी चुकीच्या कप्प्यात असतंच, हा माझा अनुभव. तसं हे उत्तरही कुठंतरी असणार होतं. मी रोज स्कूटीवरून खड्ड्यांतून जात होते, त्यामुळे झालं का? की माझ्या रक्तातच काही होतं, जे तिसऱ्यालाही सोडणार नव्हतं?

आपल्याकडे लहान हॉस्पिटलांतून तपासायचा नमुना नातेवाइकांच्याच हाती देतात. नर्सनं घट्ट झाकणाची बरणी पिशवीत घातली आणि बाबांपुढे धरली. "काका, शनिवार पेठेतली लॅब. वाटेत कुठं थांबू नका, उन्हात ठेवू नका." बाबांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी. मला ते दाराआडून दिसलं आणि बरं वाटलं होतं.

रिपोर्टला काही आठवडे लागतात असं कळलं. मी पुस्तक उघडून बसायची आणि त्याच पानावर राहायची. फोन वाजला की बाबा आधी उचलायचे. शेजारच्या काकू शिरा घेऊन आल्या आणि सोबत टोमणाही. "आम्ही नाही बाई त्या दिवसांत गाड्या उडवल्या." मी शिरा ठेवून घेतला. रात्रभर खड्डे आठवत राहिले, कुठला मोठा होता, कुठं गचका बसला.

"बाबा, लॅबमध्ये विचारून येता का?"

"उद्या बघू."

उद्या त्यांचा गुडघा दुखत होता. परवा लॅब बंद असेल म्हणाले. शेवटी मीच रिक्षा केली.

काउंटरवरच्या बाईंनी नाव घेतलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. "नाहीये."

"पुन्हा बघता का?"

"बघते. पण कॉम्प्युटर तेच सांगणार."

"माझे सासरे स्वतः देऊन गेलेत हो."

"बाई, रिपोर्ट यायला आधी नमुना यावा लागतो." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. "बसा जरा. पाणी देऊ?"

घरी बाबा वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होते. मी चपला न काढताच विचारलं, "बाबा, बरणी कुठंय?"

त्यांचा हात काडीवर थांबला.

"कुठंय बरणी?"

"नदीकाठी. लहान मुलांना पुरतात तिथं."

"कुणाला विचारून?" त्या घरात मी तो आवाज आधी कधी काढला नव्हता.

"पोचवायलाच निघालो होतो गं. पुलापाशी सिग्नल लागला. पिशवी मी स्कूटरच्या हँडलला अडकवली नव्हती, मांडीवर घेतली होती. मनात आलं, आता हे लोक त्याचे तुकडे करणार. एवढ्याशा जिवाला आपण जाळतसुद्धा नाही, मातीत ठेवतो. आणि मी त्याला चिरायला घेऊन चाललोय. सिग्नल सुटला आणि मी वळलो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू रिपोर्टची वाट बघत होतीस."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. अमेरिकेहून फोन यायचा, "आला का?" मी म्हणायची, "नाही." मेथी निवडायचं काम मी बाबांकडून काढून घेतलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ते तयार होऊन उभे राहिले. एरवी बाहेर बाकावर बसायचे, त्या दिवशी माझ्यामागून आत आले. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी ते पुरलं. आता काढून आणलं तर चालेल का? जागा ठाऊक आहे. दगड ठेवलाय."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही काका. आता त्यातून काही कळायचं नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या रक्तावरून काही गोष्टी कळतील. मिस्टर आले की त्यांचंही बघू. पण या बाळाला नेमकं काय झालं, ते आता मला सांगता येणार नाही."

"स्कूटीमुळे?"

"स्कूटीनं मुलं जात असती तर निम्मं पुणं जन्मालाच आलं नसतं."

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

रक्त काढून झाल्यावर नर्सनं सवयीनं पिशवी बाबांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले. "तिच्याकडे द्या."

पिशवीतल्या नळ्या अजून कोमट होत्या. बाबांच्या स्कूटरवर मी मागे बसले आणि त्या मुठीत धरल्या. पुलापाशी सिग्नल लागला. बाबांनी मान अर्धवट वळवली.

"आधी तिकडे जायचं का? दाखवतो."

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की क्षणभर हातात काय आहे याचाही विसर पडला. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक फुलवाली बसली होती.

"आधी लॅब," मी म्हणाले.

"आणि मग?"

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला. सिग्नल सुटला होता.

"मग तिकडे. थांबू तिथं थोडा वेळ."

बाबांनी स्कूटर सरळ घेतली.