मिरची न झोंबणारा हात

सातवीला मज्जासंस्था शिकवायची म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू, नुसती पोपटपंची. साठ सालानंतरची गोष्ट, एकदा वैतागून मी नंदुरबारच्या आमच्या शाळेत बाभळीचे काटे घेऊन गेले. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं एक किंवा दोन काटे हलकेच टेकवायचे. किती ते ओळखायचं. बोटाला दोन वेगळे कळतात, पाठीला दोन्ही मिळून एकच वाटतो. तंतू कुठे दाट, कुठे विरळ, पोरी अंगावरच शिकल्या.

एक मुलगी मात्र डाव्या मनगटावर काटे टेकवले तरी म्हणे, "काहीच नाही, बाई." वर्ग हसला. मी मुळातच तापट. "नाटकं करतेस?" म्हणून ओरडले आणि काटा जोरानं टोचला. रक्ताचा थेंब आला. ती डोळे मिटून तशीच उभी, काट्याची वाट बघत.

मी तिचं मनगट उजेडाला धरलं. तिथे फिकट डाग होता.

तिची आई मिरची वाळवतात त्या मोकळ्या मैदानात, पथारीवर, देठ खुडायची. शाळा सुटल्यावर मी तिथे गेले, तर बायका पोरीचं कौतुकच सांगू लागल्या. आई म्हणाली, "तिना हातले मिरची लागत नही, बाई. कामनी पोर शे."

मी दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हळूच सांगितलं, महारोगाची सुरुवात आहे, गोळ्यांनी बरा होईल, नेमानं घ्यायला हव्यात. हे बाहेर फुटलं असतं तर पोरीची शाळाही गेली असती आणि आईचं पथारीवरचं कामही. म्हणून तिच्या आईनं आणि मी तोंडाला कुलूप लावलं. गोळी रोज माझ्यासमोर. फळ्यावर लिहिता लिहिता मी वळून तिची बोटं बघायची, वाकडी तर होत नाहीत ना. वर्षभर जिवाला चैन नव्हतं. चिडचिड साऱ्या वर्गावर निघायची.

मिरचीच्या दुसऱ्या हंगामात एका दुपारी आई तिला ओढतच शाळेत घेऊन आली. पोरगी रडत होती, मनगट लालबुंद. आई हसत होती की रडत होती, कोण जाणे. "बाई, इले मिरची लागनी."

मी तिच्या हातावर माझ्या डब्यातलं ताक ओतलं. मग धीर करून विचारलं, त्या दिवशी काटा टोचला तेव्हा खरंच काही कळलं नव्हतं का?

"काटा नाही कळला, बाई," ती म्हणाली. "राग कळला."