तुळईखालचा खांब

त्या देवळाचा सभामंडप पाडून टाकावा, असं मी लिहून दिलं तेव्हा माझं वय सव्वीस होतं, आणि देवळात मी जेमतेम दीड तास काढला होता.

भोरला बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. आंबवड्याच्या वाटेवरच्या एका गावातलं जुनं महादेवाचं देऊळ पाहून ये, असा हुकूम झाला. मी सायकलवर गेलो. दगडावर दगड रचलेला, मध्ये चुन्याचा थेंब नाही, एक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला. खांब तळाशी चौकोनी, मध्ये आठ पैलूंचे, वर गोल. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर गुडघे मुडपून बसलेली, पोट सुटलेली बुटकी माणसं हात वर करून छत तोलत होती. हे सगळं मी पाहिलं, टेप धरून मोजलं. मग गाभाऱ्यासमोरच्या मोठ्या तुळईच्या पोटाला, बरोबर मधोमध, मला भेग दिसली. तुळई म्हणजे दोन खांबांवर आडवी टाकलेली शिळा. ती गेली की छताची शिळान् शिळा खाली. श्रावणी सोमवारी तिथं दोनशे माणूस बसतं. परत जाऊन त्याच दिवशी अहवाल लिहिला.

आठ-दहा दिवसांनी मंजुरी घेऊन गावात गेलो, तर पाटील आधीच तयार. पारावर पहारी येऊन पडल्या होत्या. "झ्याक नवा मंडप करू, पत्र्याचा," पाटील म्हणाले. "वारं खेळतं ऱ्हाईल. हितं लई अंधार."

देवळात गुरवीणबाई झाडत होत्या. पन्नाशीच्या, विधवा. पूजा मुलगा करायचा. झाडणं, पाणी, दिवाबत्ती बाईंकडे. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "रावसाहेब, पाडायचं कशापायी?"

मी वर बोट केलं. "ती भेग दिसते ना?"

"ती व्हय? ती म्या लगीन होऊन आले तवापसनं हाय. माज्या सासूबाईबी तीच दावायच्या."

"तेवढीच होती? वाढली नाही?"

"आता ते म्या कुठं मोजलंय? मोजायचं काम तुमचं."

त्या सरळ बोलल्या होत्या, पण ते वाक्य मला बोचलं. मी दीड तासात काय काय मोजलं होतं! लांबी, रुंदी, उंची. भेग हलते आहे की थांबलेली, हे मात्र मोजलं नव्हतं. पाटलांना म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांबा, आणि तोवर कोणाला आत बसू देऊ नका. पाटलांचं तोंड कडू झालं. मी गवंड्याकडून मूठभर चुना मळून घेतला, शिडीवर चढलो आणि भेगेवर आडव्या तीन पट्ट्या लावल्या. भेग रुंदावली तर चुना तडकणार, नाहीतर नाही.

मग पावसाळा लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. दर आठवड्याला सायकल काढायची, चिखलात अर्धी वाट ती ढकलत न्यायची, शिडीवर चढायचं, बघायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. कचेरीत नकाशे काढताना हात थांबायचा. ताटावर बसलं की वाटायचं, आत्ता पडलं असेल. गुरवीणबाई माझ्या सांगण्याला न जुमानता रोज आत जात होत्या. "देवाला पानी कोन घालील?" एवढंच म्हणायच्या.

श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात मधली पट्टी तडकलेली दिसली. केसाएवढी रेघ.

"कुणी हात लावला का?"

"कोन लावतंय? शिडी तुमच्याबगार कुनाला लागती?"

चुना वाळतानाही तडकतो, हे मला ठाऊक होतं. बाकीच्या दोन पट्ट्या शाबूत होत्या. तरी मला धीर निघेना. पाडावं म्हणवेना आणि तसंच सोडावं असंही वाटेना. शेवटी मधला मार्ग काढला. छतावर साठलेली माती आणि पिंपळाची रोपं काढवली, आणि पाथरवटाकडून एक साधा चौकोनी खांब घडवून तुळईखाली, मंडपाच्या मधोमध उभा केला. वर दगडी पाचर ठोकून घट्ट. पाडकाम टळलं. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा गुरवीणबाई मागे, पिंडीच्या अगदी समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "देऊळ राखलंत, बरं केलंत. पर माज्या जागंवरनं आता देव दिसत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी वाकून पाहिलं. खांब बरोबर पिंडीच्या आड येत होता.

"थोडं सरकून बसा."

"कुठं सरकू? पल्याड बापय बसत्यात."

मी खांब एकदा चाचपून पाहिला आणि सायकल काढली. पुढं माझी बदली वेल्ह्याकडं झाली. गुंजवण्याच्या बाजूला रस्त्याची आखणी चालली होती. पण कुठल्याही गावात देऊळ दिसलं की मी हात जोडायच्या आधी छताकडे बघायचो.

तीन वर्षांनी भोरला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून गेलो. शिडी मागवली. खांबाच्या माथ्यापाशी बोट फिरवलं, तर पाचर सैल. बेलाचं पान घेऊन तुळई आणि पाचर यांच्यामध्ये सरकवलं. ते सहज आत गेलं आणि पलीकडून बाहेर आलं. तुळईचा भार खांबावर नव्हताच. तीन पावसाळे ती आपली आपण उभी होती.

खाली उतरून मी गुरवीणबाईंना खरं ते सांगितलं.

"मग काडा की त्यो!"

"आणि उद्या खरंच गरज पडली तर?"

"तुमाला तवाबी ठावं नव्हतं, आताबी न्हाई," त्या म्हणाल्या आणि समईची वात सारू लागल्या.

मी तसाच पाटलांच्या ओट्यावर गेलो. खांबापुढं, बायकांना बसायला दोन हात जागा द्या, म्हणालो. हे विचारायला मी तीन वर्षं कचरत होतो.

"येवढंच व्हय?" पाटील हसले. "बसू द्या की."

पुढच्या सोमवारी गुरवीणबाई खांबापुढं बसल्या, असं त्यांच्या मुलानं कळवलं. मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. खांब अजून तिथंच आहे. तो काढा, असं लिहून देण्याइतकी खात्री मला आजही नाही.