गुळाचा खडा

खडीच्या क्रशरवर काम सुटलं की मुकादम प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतो. मास्क कधीच देत नाही. गुळानं छातीतली धूळ उतरते म्हणे. माझ्या आबांनी तो वीस वर्षं खाल्ला.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाई आबांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "पांढऱ्या पेशींवरच्या, त्या चवताळल्याचं सांगणाऱ्या या खुणा वाढल्यात. फुप्फुसातली सूज अजून धगधगतेय."

"म्हणजे पेशी लढतायत ना?" मी विचारलं.

"लढतायत, पोरी. पण दगडाची धूळ मरत नाही. त्या लढाईत फुप्फुसच जळतं."

मी मजुरांच्या मोर्चाची पत्रकं वाटत वाढले. लढणंच आपलं घर जाळू शकतं, हे एकाही पत्रकात नव्हतं.

बाहेर बाकावर आबांनी खिशातून गूळ काढला. "खा गं. ह्यानंच उतरतं सगळं."

मी तो तोंडात धरला; गिळवेना.