म्हशीआडचे साहेब

आमचे बदलापूरचे एक शेजारी अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. सही घेतल्याशिवाय खिळासुद्धा देत नसत. थंडीत उल्हास नदीवर चक्रवाक उतरले की रविवारी माकडटोपी चढवून ते पाहायला मलाही ओढून नेत. माणूस दिसला की ते पक्षी उडतात, म्हशीला मात्र भीत नाहीत. म्हणून एकदा त्यांनी काठावरल्या गवळणीची म्हैसच आडोशाला घेतली.

“सायेब, पान्यात बसंल ती!” गवळण ओरडली.

बसलीच! दोरी धरलेले साहेबही गळ्यापर्यंत पाण्यात. पण तेवढ्यात चक्रवाकांची केशरी जोडी पोहत पोहत त्यांच्यापासून हातभर अंतरावर आली. आयुष्यात पहिल्यांदाच! नेमकी साहेबांना शिंक आली. नाक दाबून, डोळे पांढरे करून त्यांनी ती गिळली.

आणि म्हैस शिंकली.

जोडी भुर्र!

“अहो बाई,” साहेब कळवळून म्हशीला म्हणाले, “रुमाल मागायचात की!”