चितळांच्या फाटकावर चतुराबाई

दुष्काळाचं साल, १९७३चा उन्हाळा. औरंगाबादहून वेरूळला जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेची बाग होती. तिथं जाळीच्या कुंपणात एकवीस चितळं होती. त्यांचं चारापाणी बघणारी चतुराबाई मूळची पाचोडची. नवरा गेल्यावर इथं लागली होती, त्याला अकरा वर्षं झाली.

एका सकाळी बागेचे व्यवस्थापक अनंतराव कडब्यानं भरलेली बैलगाडी घेऊन आले. गाडी दुष्काळी जनावरांच्या छावणीतून आलेली. बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, एकाला पुढचा पाय टेकवत नव्हता. चतुराबाई फाटकात आडवी उभी राहिली.

"सायेब, बैलांना खुरकत झालीय. ह्यो चारा आत जायचा नाय."

"परवा पाहुणे येतायत. उपाशी हरणं दाखवू त्यांना?"

"फाटकावर सरकारी पाटी हाय. आजारी जनावरांचा चारा घ्यायचा नाय, भायेरची गाडी सोड्याच्या पाण्यानं धुतल्याबिगर सोडायची नाय. गुरांच्या डॉक्टरांनी मला वाचून दाखवलीय."

"आता तू मला कायदा शिकवणार?"

अनंतरावांनी दोन माळ्यांना बोलावलं. त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. गाडी आत गेली.

आठवड्याच्या आत चितळं लंगडू लागली. जिभा फोडांनी भरल्या. चतुराबाईनं पातळ पेज करून पाजली, खूर धुतले. मोठी कशीबशी तगली, पण सहा पाडसं गेली. खड्डे तिनंच खणले, वर चुना टाकला. दर खेपेला अनंतरावांना निरोप धाडला. ते एकदाही आले नाहीत.

मग गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर व्यंकटराव चौकशीला आले. अनंतरावांनी कागद तयारच ठेवला होता: बाईनं येणाऱ्याजाणाऱ्यांना हरणांना काहीबाही खाऊ घालू दिलं.

"उठव अंगठा," ते म्हणाले.

चतुराबाईनं शाईची डबी उचलली अन् कागदावर उपडी केली.

"अकरा वर्सं मी कुणाला जाळीला हात लावू दिला नाय! गाडी कुणी आणली, इचारा ह्यांना. माळ्यांना इचारा, मला कुणी वढलं!"

माळी खाली मान घालून उभे राहिले. पण डॉक्टर उठून आत गेले आणि उरलेला कडबा पाहून आले. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं, छावणीचा चारा बंद केला अन् कडबा समोर जाळायला लावला.

अनंतरावांची खुर्ची तशीच राहिली. चतुराबाईला मात्र चितळांवरून काढून रस्ते झाडायला लावलं. महिन्याभरानं अनंतराव तिच्यापाशी थांबले.

"झालं गेलं विसरून जा, बाई."

"तुमी इसरा," ती म्हणाली. "मी खड्डे खणलेत."

तिनं हातातला खराटा थांबवला नाही. धूळ त्यांच्या धोतरावर उडत राहिली.